तापचान उभा राहिला

"अगं, हे सरपण आहे, सरपण! हे घेऊन तू खुजंदच्या प्रदर्शनात जाणार? तिथं लोक काचेची कपाटं मांडतात, चकाचक दिवे लावतात. आणि आमच्या घरची केलिन, आमची सूनबाई काय नेणार, तर कोंबड्यांची खाट! साऱ्या घराचं नाक कापशील!"

"ओदिल-अका, नाक कापायचं काही उरलंय का? गेल्या उन्हाळ्यात गंधकाच्या खोलीत शिंकून शिंकून माझं निम्मं तिथंच गळून पडलं."

"बघा बघा, जीभ बघा हिची!"

हे दीर-भावजयीचं भांडण माझ्या डोक्यावर चाललं होतं. ते 'सरपण' म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना तापचान आहे. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली ठेवतात तो लाकडी ओटा. चार पाय, तीन बाजूंना कठडा. वर गाद्या घातल्या की अख्खं घर माझ्यावर बसतं, जेवतं, आणि दुपारी तिथंच घोरतं. मला जुना म्हणा, चालेल. रंग उडालाय म्हणा, तेही खरंय. पण सरपण? त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की पाय असते तर... म्हणजे पाय आहेत मला, पण चालता आलं असतं तर ओदिलच्या पायावरच जाऊन उभा राहिलो असतो.

मला बोबो नजरुल्लोंनी बनवलं. म्हणजे या घरातल्या म्हाताऱ्यानं. तेव्हा ते म्हातारे नव्हते, नवरदेव होते. पाटाच्या कडेचं पॉपलरचं झाड तोडून फळ्या काढल्या, जर्दाळूच्या खोडाचे पाय केले आणि निळा रंग फासला. फळ्या ओल्याच ठोकल्या होत्या. वाळल्यावर त्या आक्रसल्या आणि दोन फळ्यांत बोटबोट फट पडली. त्या फटींनी मला जन्मभर शिव्या खायला घातल्या. चमचा पडला, माझ्या नावानं ओरडा. बेदाणे पडले, माझ्या नावानं ओरडा. बोबोंचा लाडका चाकू तर कितीदा पडला असेल. दर वेळी खाली वाकायचे आणि म्हणायचे, "तोंड वासून बसलाय नुसता!" अरे, घाई कुणी केली होती लग्नाची? मी?

तरी चांगले दिवस होते. या घरातली पोरं माझ्यावर रांगली. उन्हाळ्यात बायका माझ्यावर ओळीनं बसून जर्दाळूच्या बिया काढायच्या, आणि गावातली अर्धी लग्नं तिथंच जमायची. मग घरात सोफा आला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. बोबो सोडले तर माझ्यावर कुणी बसेना. कठड्याच्या दांड्या मोडल्या, पाऊस आत मुरला. संध्याकाळी बोबो उठून आत गेले की कोंबड्या चढायच्या. रडलो नाही. रडणाऱ्या लाकडाला बुरशी येते.

आता मुअत्तरचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली. मुअत्तर ही बोबोंची धाकटी सून. नवरा दूर रशियात कामाला. आमच्या इस्फारा भागात जर्दाळू वाळवायच्या आधी त्याला गंधकाचा धूर देतात. धूर खाल्लेला जर्दाळू केशरी राहतो, बाजारात लांबून चमकतो. नुसत्या उन्हात वाळवलेला काळपट पडतो. चवीला मधासारखा, पण दिसायला... ओदिल, म्हणजे तिचा मोठा दीर, त्याला मेंढीच्या लेंड्या म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात धूर द्यायच्या खोलीत मुअत्तर काम करायची. बाहेर आली की खोकत खोकत माझ्यावर आडवी व्हायची. तिची छाती माझ्या फळीला टेकलेली असायची, म्हणून घरात इतर कुणाला नाही, पण मला ऐकू यायचं. आत करवत चालल्यासारखा आवाज. लाकडाला करवतीचा आवाज कळतो, मित्रांनो. दुसरं काही कळत नसेल, पण तो कळतो.

या वर्षी तिनं खोलीला कुलूप लावलं आणि सगळं पीक उन्हात वाळवलं. बाजारात एकानंही हात लावला नाही. घरात आठवडाभर भांडणं झाली. शेवटी बोबोंनी चहाचा पेला खाली ठेवला आणि निकाल दिला. "केलिन, खुजंदला मेव्याचं प्रदर्शन आहे ना? तिथं घेऊन जा तुझा माल. कुणी असाच काळा माल पुढच्या वर्षीही मागितला, तर तुझं खरं. नाही मागितला, तर येत्या उन्हाळ्यात कुलूप निघेल आणि तू गुमान खोलीत जाशील. मग रडायचं नाही."

तिच्यासाठी पणाला काय लागलं होतं, कळलं ना? परत ती खोली.

प्रदर्शनात जागा मोकळी मिळते. भिंती, टेबल, दिवे हवे असतील तर भाड्यानं घ्या. ते भाडं ऐकून मुअत्तरनं फोन ठेवला आणि अंगणात येऊन माझ्याकडे एकटक बघत उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता कुऱ्हाड.

"सबोहत," तिनं नणंदेला हाक मारली, "घरी पाहुणा आला की आपण काय करतो? तापचानवर बसवतो, चहा देतो. मग तिथंही तेच करू. हाच आपला स्टॉल."

सबोहत बाजारात शिलाई मशिनं दुरुस्त करते. तिचं तोंड तेलाच्या बुधलीसारखं, सतत गळतं. ती वहिनीला म्हणाली, "यांगा, दाराचं माप विचारलंस?"

"जागेचं विचारलं की. दाराचं कशाला?"

"मग हा आत उडत जाणार?"

दाराचं माप विचारलं. मी मावत नव्हतो. मग सबोहत पक्कड घेऊन बसली आणि माझा एकेक खिळा उपटला. जुना खिळा निघताना लाकूड किंचाळतं. मीही किंचाळलो. कोंबड्या पळाल्या. खिळ्यांच्या जागी तिनं भोकं पाडून नटबोल्ट बसवले. ओदिल लांबून दात काढत होता. "अगं, खिळा ठोकला की झालं. एवढी कारागिरी कशाला?"

सबोहत म्हणाली, "तिथं सुतार शोधत फिरू का? दोन बायका आणि एक पाना, एवढ्यात हा उभा राहिला पाहिजे आणि एवढ्यातच सुटला पाहिजे. तुमच्यासारखा माणूस सोबत असून नसल्यासारखा."

प्रत्येक फळीच्या पाठीवर तिनं कोळशानं खूण केली. अंगणात खडूनं जागेचा चौकोन आखला आणि त्यात मला जोडून बघितलं, सोडवून बघितलं, परत जोडून बघितलं. पहिल्यांदा एक पाय उलटा बसला. बरं झालं घरीच बसला.

ओदिलच्याच ट्रकमधून मी खुजंदला गेलो. सगळ्यांत खाली फळ्या, वर गाद्या, त्यावर जर्दाळूच्या पेट्या. आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बोबो. "माझा तापचान जातोय तर मीही जातो," म्हणाले. त्यांना नको कोण म्हणणार?

हॉलमध्ये जागा मिळाली कोपऱ्यात, अंधारातली. शेजारी एका मोठ्या कंपनीचा पांढराशुभ्र स्टॉल, आणि त्यात टाय घातलेला एक पोरगा. मला जोडताना बघून तो म्हणाला, "अपा, अहो ताई, इथं मुक्कामाला परवानगी नाही हां."

सबोहत बोल्ट आवळता आवळता म्हणाली, "तुझ्याकडे बसायला काही नाही ना भावा, म्हणून. पाय दुखले की ये, लाजू नको."

मला तेव्हा फार बरं वाटलं. मी गाद्या अंगावर घेऊन ताठ बसलो. वर मुअत्तरनं कापड टांगलं. त्यावर बागेचं नाव, गावाचं नाव, सासऱ्यांचं नाव, देवाचे आभार आणि खाली बारीक अक्षरांत जर्दाळूचे गुण. सबोहतनं मान वाकडी करून वाचलं. "यांगा, हे वाचायला माणसानं सुट्टी काढून यायला हवं."

आणि मग, मित्रांनो, आम्ही सगळ्यांनी मिळून माती खाल्ली.

बोबो माझ्यावर मांडी घालून बसले. जेवणाचं कापड, म्हणजे दस्तरखान पसरलं, नान ठेवलं, किटलीत हिरवा चहा. समोरून कुणी गेलं की हात छातीवर ठेवून, "मर्हमत, या, बसा!" एक म्हातारा बसला. त्यानं दुसऱ्याला हाक मारली. जोडे काढून चार जण वर चढले, टेकले, पाय पसरले. बोबो चहा ओतायचे, तोही पेल्यात थोडा थोडा, कारण काठोकाठ भरला तर पाहुण्याला वाटतं, आता जा म्हणतायत. म्हणून परत ओत. परत ओत. कुणाच्या गुडघ्याला काय झालं, कुणाचा नातू कुठल्या शहरात विटा वाहतोय, यंदा थंडी लवकर येणार का. आणि 'किती किलो देऊ?' हे बोबो विचारणार? पाहुण्याला? नान तोंडात असताना? शक्यच नाही.

माल कुठं होता? त्यांच्या पाठीमागं. अंधारात.

खरे घेणारे आले. पाठीवर पिशव्या, पायात नाडीचे बूट, घाईत. समोर जोड्यांचा ढीग, त्यामागं चार म्हाताऱ्या पाठी, आणि वर न वाचता येणारं कापड. मान लांब करून बघायचे आणि पुढं जायचे. मी माझं काम चोख करत होतो. लोकांना बसवत होतो. आणि तेच चुकत होतं.

दुपारी एक बाई थांबली. आखूड केस, हातात छोटी वही. अलमातीहून आलेली, तिकडे मेव्याची मिठाई बनवते. नाव रौशान, असं तिच्या गळ्यातल्या पट्टीवर होतं. तिनं पाठींच्या मधून बोट दाखवलं. "तो काळा आहे तो... जरा बघू का?"

मुअत्तर उठणार एवढ्यात बोबो बोलले, "आधी वर ये बेटी. चहा घे. जर्दाळू कुठं पळून जातोय?"

बाईनं घड्याळ बघितलं. आपल्या बुटांच्या नाड्या बघितल्या. हसून म्हणाली, "परत येते हां." परत येते हां म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. थोड्या वेळानं ती टायवाल्याशी बोलताना दिसली.

मुअत्तर माझ्या पायाशी बसली आणि तिला खोकला आला. तीच करवत.

सबोहत कुजबुजली, "बोबोंना उठव."

"सासऱ्यांना 'उठा' म्हणू? चारचौघांत?"

"मग मी म्हणते."

"म्हण की. बापाला म्हण. पाहुण्यांसमोर म्हण. म्हण ना!"

सबोहतचं ते गळकं तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

माझा एक पाय तसाही कुरकुरत होता. मनात आलं, मोडू द्यावा. सगळे म्हातारे एकदम खाली! पण मग ओदिल जिंकला असता. सरपण म्हणाला होता ना तो? मी पाय घट्ट रोवला. काय वाटेल ते होवो, पण त्याच्या म्हणण्यासारखं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते म्हातारे आमच्याही आधी हजर. दोन नवे दोस्त घेऊन. सगळे चढून बसले. मुअत्तरनं नान मोडलं, चहा दिला. तिचा चेहरा बघून मला शंका आली. अंगणात माझ्याकडे एकटक बघत होती ना, तेव्हा जसा होता तसाच चेहरा.

चहा अर्धा झाला असेल. ती ओढणी सारखी करत पुढं आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बोबो, एवढी मोठी माणसं बसलीयेत. आमच्या धंद्यासाठी एक दुआ कराल?"

बोबो खूश! सगळ्यांनी तळहात वर धरले. बोबोंनी भली मोठी दुआ मागितली. बागेला, पाण्याला, परदेशातल्या पोराला, आलेल्या पाहुण्यांना. "ओमीन!" सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

आणि ओमीन झालं की दस्तरखान संपलं. मग उठायचं. हे कुणी सांगावं लागत नाही, हाडांत बसलेलं असतं. डोक्यानं विचार करायच्या आधीच त्या म्हाताऱ्यांचे गुडघे सरळ झाले. जोडे पायात गेले, हातात हात गेले, "चला, बरकत असो," आणि निघाले. बोबोही उतरले, त्यांना चार पावलं पोचवायला.

"सबोहत!"

सबोहतचा हात ओढणीखालून बाहेर आला. त्यात पाना. गाद्या गेल्या, कठडा सुटला, पाय सुटले. आणि दोघींनी मला दोन्ही कडांना धरून उचललं आणि कोपऱ्यात भिंतीसारखा उभा केला. आता समजलं, नटबोल्ट का हवे होते ते?

मित्रांनो, मी जन्मभर झाडाच्या फांद्या आणि आभाळ बघितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माणसांचे चेहरे समोर बघितले. मला गरगरलं. पण पडलो नाही.

बोबो परतले आणि थिजले. "हे काय? माझी बसायची जागा भिंतीला टेकवली? केलिन, ज्यावर नान ठेवतो ते उभं करतात?"

मुअत्तर पुढं आली. तिनं जर्दाळूचं ताट त्यांच्यापुढं धरलं. "बोबो, घरी पाहुणा फाटकात आला तर पुढं कोण जातं? तुम्हीच ना? मग ती स्टॉलपुढची वाट, तेच इथलं फाटक. तुम्ही तिथं हवे आहात."

"म्हणजे राखणदार केलंस मला?"

"ताट तर धरा."

ताट धरलं. फक्त फेकायला धरलं होतं, असं त्यांनी नंतर घरी सांगितलं. पण नेमकं तेव्हाच समोरून कुणीतरी चाललं होतं आणि बोबोंची जीभ सवयीनं बोलून गेली, "मर्हमत!" आता बसायला जागाच नव्हती. मग त्या माणसानं एक जर्दाळू उचलला, खाल्ला, थांबला, आणि दुसरा उचलला.

तेवढ्यात सबोहतनं घरून आणलेला अंगणातला बल्ब आणि लांब वायर काढली आणि माझ्या पाठीमागं लावली.

त्या फटी आठवतात? बोटबोट फटी, ज्यांच्यासाठी जन्मभर शिव्या खाल्ल्या? त्यांतून उजेड असा फुटला की सगळा कोपरा पट्ट्यापट्ट्यांनी उजळला. मुअत्तरनं जर्दाळूच्या माळा ओवून त्या फटींवर टांगल्या. काळपट जर्दाळूतून उजेड आरपार गेला आणि तो मधासारखा दिसायला लागला. लेंड्या म्हणत होता ना रे, ओदिल? ये, बघ! वरचं कापड उलटं करून सबोहतनं कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'धूर नाही, ऊन'. बास. हे चालता चालता वाचता येतं.

टायवाला पोरगा आपला स्टॉल सोडून आला. हात मागं बांधून बघत राहिला. "अपा, हे डिझाइन कुणाचं?"

सबोहत म्हणाली, "कोंबड्यांचं."

दुपारी रौशान आली. इकडं तिकडं बघत. "काल इथं चहावाले आजोबा होते, ते कुठं गेले?"

"हा काय उभाय," बोबो फुगून म्हणाले. "बसू देत नाहीत मला."

ती हसली. ताटाकडं बघितलं. "हा एवढा काळा का?"

"बेटी, उन्हात राबलेलं कधी गोरं असतं? माझ्याकडे बघ की."

तिनं एक खाल्ला. चावणं हळू झालं. दुसरा फोडून उजेडात धरला, वास घेतला. "गंधक?"

आता मुअत्तरनं बोलायचं होतं, आणि नेमका तिला खोकला आला. वाकून वाकून आला. बाई घाबरून मागं सरली. मुअत्तरनं तोंड पुसलं आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हा गंधक. गेल्या वर्षीचा, माझ्या छातीत राहिलाय. जर्दाळूत नाही. मी खाल्ला तेवढा पुरे, तुमच्या गिऱ्हाइकाला कशाला चारू?"

बोबो ताट घेऊन उभे होते. ते सुनेकडे बघत होते. ती खोकायची ते त्यांनी घरी रोज ऐकलं होतं, पण बसून. बसून ऐकलं की माणूस चहा ओततो.

रौशान म्हणाली, "आहे तेवढा देता? आणि पुढच्या वर्षीचाही मला हवाय. पण एक अट. धूर लागलेला एक दाणा सापडला तर सगळा परत."

"लागणार नाही," हे मुअत्तर नाही, बोबो बोलले. "ती खोली मीच पाडतो."

पाडली. स्वतः कुदळ घेऊन. ओदिल गावभर सांगतो, "मी आधीच म्हटलं होतं, लाकूड चांगलं आहे." म्हणू दे. मी विसरलेलो नाही.

मला जपा, माझी दया करा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. रंगही नको मला. उडालेला निळा माझा मला छान दिसतो. फक्त मला खिळा ठोकू नका, बोल्ट लावा. ओल्या फरशीवर उभा करू नका. आणि तुमचा स्टॉल तुम्हीच बांधणार असाल, तर लोक काय हसतील ते हसू द्या, पण आधी दाराचं माप घ्या आणि वाट अडवू नका. घरात एखादी जुनी वस्तू सरपण म्हणून फेकायला निघालात, तर एकदा ती उभी करून बघा. तिच्यामागं दिवा लावून बघा. मग तोंड उघडा.

आता अलमातीचं प्रदर्शन आहे. रौशाननं बोलावलंय. बोबो केव्हाचे ट्रकमध्ये चढून बसलेत, ते ताट मांडीवर घेऊन. दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाहीत. मुअत्तर माझी शेवटची फळी उचलायला आलीय. या वेळी तिच्या छातीत... थांबा, ऐकू द्या जरा. नाही, करवत नाही. नुसता श्वास.

ओदिल भोंगा वाजवतोय. मला निघायलाच हवं.